वापरलेल्या विनाइल ध्वनिमुद्रिकांची खरेदी व दर्जानिश्चिती : हिंदुस्थानी संगीताच्या एलपींच्या संदर्भात

प्रस्तावना

ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या जमविणे हा दीर्घकाळ मूठभर शौकिनांचा छंद मानला जात असे. गेल्या काही वर्षांत हे चित्र बदलले आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल तबकड्यांनी नगसंख्येच्या हिशेबात सीडींना मागे टाकले, आणि ही घटना १९८७ नंतर प्रथमच घडली. त्या वर्षी तेथे सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या व ३ कोटी ३० लाख सीडी विकल्या गेल्या. भारतात या लाटेचा परिणाम प्रामुख्याने जुन्या मालाच्या बाजारावर झाला. मुंबईचा चोरबाजार, पुण्यात रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार, कोलकात्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवरील दुकाने या ठिकाणी एकेकाळी रद्दीच्या भावाने मिळणाऱ्या तबकड्या आज शेकडो आणि प्रसंगी हजारो रुपयांना विकल्या जातात.

या व्यवहाराशी महाविद्यालयांचाही संबंध येतो. संगीत विभागाला अध्यापनासाठी जुनी ध्वनिमुद्रणे हवी असतात. एखाद्या रसिकाच्या निधनानंतर त्याचा संग्रह ग्रंथालयाकडे देणगी म्हणून येतो. क्वचित खरेदीसाठी अनुदानही मिळते. अशा वेळी काय घ्यावे, काय ठेवावे आणि काय मोडीत काढावे याचा निर्णय ज्या एका शब्दावर घेतला जातो तो शब्द म्हणजे तबकडीचा 'दर्जा'. हा दर्जा कसा ठरतो, त्याच्या मागे कोणती गृहीतके आहेत आणि हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्यांना तो लावताना कोठे फसगत होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दर्जा बहुधा डोळ्यांनी ठरविला जातो आणि तबकडी मात्र कानांनी ऐकावयाची असते. या दोहोंतील अंतर ख्याल, आलाप वा वादन यांच्या बाबतीत चित्रपटसंगीतापेक्षा बरेच मोठे पडते, हा येथील मुख्य मुद्दा आहे.

तबकडीची जडणघडण

कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादन तबकडी, म्हणजेच एलपी, जाहीर केली. त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपत असे. एलपीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. पाश्चात्त्य सिम्फनीप्रमाणेच या बदलाचा लाभ हिंदुस्थानी रागसंगीतालाही झाला. अली अकबर खाँ यांची न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेली आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली एलपी या दृष्टीने महत्त्वाची मानली जाते. आलापापासून झाल्यापर्यंतची वाटचाल श्रोत्याला घरबसल्या एका बैठकीत ऐकता येऊ लागली ती अशा तबकड्यांमुळे.

जुनी तबकडी लाखेच्या मिश्रणाची, एलपी मात्र पॉलिव्हायनिल क्लोराइडच्या एका प्रकाराची. तिच्या प्रत्येक बाजूवर काठापासून मध्यापर्यंत जाणारी एकच सलग खाच असते. वीस मिनिटांच्या बाजूवर तबकडी सुमारे ६६७ फेरे घेते, आणि ही खाच उलगडून सरळ केली तर तिची लांबी ४०० मीटरांहून अधिक भरेल. खाचेची रुंदी मात्र मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतकीच असते. तिच्या भिंतींवरील सूक्ष्म नागमोडी वळणे म्हणजे ध्वनी. डोळ्यांना दिसणारा चरा पुष्कळदा या भिंतींच्या वरच्या कडेवरच असतो, आणि सुई जेथे टेकते तो भाग त्याखाली असतो. याउलट, जड व झिजलेल्या सुईने भिंती खरवडल्या गेल्या तर वरून तबकडी चकचकीत दिसूनही आतील ध्वनी फाटलेला असू शकतो. दर्जानिश्चितीतील बहुतेक गोंधळाचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

दर्जाची परिभाषा

वापरलेल्या तबकड्यांच्या जागतिक व्यवहारात सर्वाधिक रूढ असलेली श्रेणी 'गोल्डमाइन' या १९७४ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन नियतकालिकाच्या नावाने ओळखली जाते. इंटरनेटवरील खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या 'डिस्कॉग्ज'नेही (स्थापना २०००) हीच श्रेणी स्वीकारली आहे. सर्वांत वर 'मिंट', म्हणजे सर्वार्थाने निर्दोष तबकडी. ती एकदाही वाजविली गेलेली नसावी अशी अपेक्षा असते, आणि म्हणूनच सचोटीचे विक्रेते हा शब्द जवळजवळ वापरीतच नाहीत. त्याखालील 'निअर मिंट' हाच व्यवहारातील सर्वोच्च दर्जा होय. 'व्हेरी गुड प्लस' म्हणजे हलके ओरखडे दिसतात, पण ऐकण्यात बाध येत नाही. 'व्हेरी गुड' म्हणजे खरखर ऐकू येते, विशेषतः हळू आवाजाच्या जागी, परंतु संगीत तिच्यात बुडून जात नाही. 'गुड' म्हणजे तबकडी सुई न अडकता शेवटपर्यंत वाजते, इतकेच. तिच्यात खरखर व झीज भरपूर असते. 'फेअर' व 'पुअर' यांत सुई अडकणाऱ्या, तडा गेलेल्या वा फार वाकलेल्या तबकड्या येतात.

या परिभाषेत सौजन्याचा एक मोठा सापळा आहे. सामान्य व्यवहारात 'गुड' म्हणजे चांगले. येथे तो शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा दर्जा आहे. 'व्हेरी गुड' वाचून मागविलेली तबकडी घरी आल्यावर खरखरू लागली म्हणून विक्रेत्याला दोष देणारा नवखा ग्राहक पुष्कळदा केवळ शब्दार्थाने फसलेला असतो. त्यात भर म्हणजे 'रेकॉर्ड कलेक्टर' या ब्रिटिश मासिकाची श्रेणी वेगळी आहे. तीत 'मिंट'नंतर 'एक्सलंट' येते, मग 'व्हेरी गुड', आणि तळाशी 'बॅड'. 'प्लस'ची पायरी तीत नाही. सबब लंडनच्या विक्रेत्याची 'व्हेरी गुड' आणि न्यूयॉर्कच्या विक्रेत्याची 'व्हेरी गुड' एकच समजता येत नाहीत. भारतीय विक्रेते दोन्ही श्रेणींतील शब्द सरमिसळ वापरतात, आणि त्यांत 'वयाच्या मानाने उत्तम' हा स्वतःचा एक दर्जा जोडतात. हा शेवटचा शब्दप्रयोग ग्राहकाने ऐकून सोडून द्यावा. दर्जा तबकडीच्या आजच्या अवस्थेचा असतो. वयाची सवलत त्यात नाही.

दर्जा नेहमी दोन सांगितले जातात, पहिला तबकडीचा आणि दुसरा वेष्टनाचा. एकच दर्जा सांगितला असेल तर तो कशाचा हे विचारून घ्यावे.

डोळ्यांनी करावयाची तपासणी

ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात जवळजवळ प्रत्येक तबकडी चांगली दिसते. तपासणीसाठी एकाच दिशेने येणारा प्रखर प्रकाश हवा. टेबललॅम्प किंवा दुपारचे ऊन पुरते. तबकडी काठ व मध्यावरील कागदी लेबल यांवरच धरून प्रकाशात तिरपी फिरविली की ओरखडे उजळून दिसतात. नखाच्या कडेला जाणवणारा चरा बहुधा ऐकू येतो; केवळ डोळ्यांना दिसणारी केसाएवढी रेष बहुधा येत नाही. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

चऱ्याची दिशा त्याच्या खोलीइतकीच महत्त्वाची असते. काठाकडून मध्याकडे जाणारा चरा प्रत्येक फेऱ्यात एकदा सुईखाली येतो, म्हणजे दर १.८ सेकंदांनी 'टिक' असा आवाज होतो. वीस मिनिटांच्या बाजूवर एका सेंटीमीटरमध्ये खाचेचे सुमारे ७७ ते ७८ फेरे बसतात. त्यामुळे केवळ एक सेंटीमीटर लांबीचा आडवा चरा सव्वादोन मिनिटांहून अधिक काळ टिकटिकत राहतो. खाचेच्या दिशेने जाणारा चरा याहून फसवा. तो क्वचितच टिकटिक करतो, पण सुईला शेजारच्या फेऱ्यात ढकलू शकतो, आणि मग गायकाची एकच हरकत पुनःपुन्हा ऐकू येते किंवा आवर्तनातील काही मात्रा गळून पडतात.

मध्यावरील छिद्राकडे फार कमी ग्राहक पाहतात. तबकडी प्लेअरवर ठेवताना मधला खिळा लेबलवर घासतो आणि छिद्राभोवती बारीक रेषा उमटतात. अशा रेषांचे जाळे दाट असेल तर तबकडी शेकडो वेळा वाजली आहे असे समजावे, मग पृष्ठभाग कितीही चकाको. घरोघरी वापरल्या गेलेल्या सुटकेससारख्या प्लेअरांत सुईचा भार पुष्कळदा पाच ग्रॅमहून जास्त असे. आजच्या बऱ्या यंत्रांत तो दोन ग्रॅमच्या आसपास असतो. त्यातच सुई कृत्रिम नीलमण्याची असेल तर ती हिऱ्याच्या सुईपेक्षा कितीतरी लवकर झिजते, आणि झिजलेली सुई छिन्नीसारखी खाच कापते. झीज झालेल्या खाचा काळ्याऐवजी किंचित राखाडी दिसतात. ही राखाडी छटा विशेषतः बाजूच्या शेवटाकडे, लेबलजवळ पाहावी.

तबकडी डोळ्यांच्या पातळीत आडवी धरली की तिचा वाक कळतो. विनाइल साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडू लागते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर, विशेषतः वरून वजन असेल तर, ती त्याहून कमी तापमानातही आकार सोडते. वर्षानुवर्षे एकावर एक आडव्या रचलेल्या तबकड्यांचे असेच होते. किंचित वाक सुई सांभाळून घेते; जेथे भुजा डोळ्यांना दिसेल इतकी वरखाली उडते ती तबकडी सोडून द्यावी. कोकण, गोवा आणि मुंबई येथील संग्रहांत वाकापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे पावसाळ्यातील बुरशी. ती प्रथम कागदी पाकिटावर धरते आणि तेथून तबकडीवर पांढुरके, पिसांसारखे ठिपके उमटवते. ती नवी असेल तर धुऊन जाते, जुनी असेल तर धुतल्यावरही मंद, अखंड तडतड मागे राहते. पीव्हीसीच्या पिशवीत दीर्घकाळ ठेवलेल्या तबकडीवर धुरकट पटल येते. ते मात्र बहुधा निघत नाही.

आधी धुणे आणि मग दर्जा ठरविणे हा क्रम ग्राहकाच्या हिताचा आहे. पुष्कळदा जी खरखर वाटते ती निव्वळ धूळ असते. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणद्रावाचे काही थेंब आणि खाचेच्या दिशेने फिरविलेले मऊ कापड एवढ्याने बहुतेक काम भागते. नळाचे पाणी सुकल्यावर क्षार मागे ठेवते, म्हणून ते टाळावे. बाजारात मिळणाऱ्या काही द्रावणांत अल्कोहोल असते. विनाइलला ते सौम्य प्रमाणात चालते, परंतु लाखेच्या तबकडीचा पृष्ठभाग अल्कोहोलने विरघळतो. देणगीत आलेल्या गठ्ठ्यात दोन्ही प्रकार एकत्र असतात, आणि भारतात लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची काही गाणीही येथे त्या स्वरूपात प्रसिद्ध झाली, आणि आज परदेशी संग्राहक त्यांच्या शोधात असतात. त्यामुळे केवळ कलाकाराचे नाव वा गाण्याचा काळ पाहून पदार्थ ओळखू नये. लाखेची तबकडी जड, जाड आणि ठिसूळ असते, आणि तिच्यावर ७८ फेऱ्यांचा उल्लेख असतो. तेवढी खात्री झाल्याशिवाय बाटली उघडू नये.

कानांनी करावयाची तपासणी

दुकानात प्लेअर असेल तर ग्राहक पहिले अर्धे मिनिट ऐकतो आणि समाधान मानतो. चित्रपटगीतांच्या तबकडीला हे कदाचित चालेल. वाद्यवृंद, कोरस आणि ताल यांच्या भरगच्च आवाजात मध्यम खरखर बुडून जाते. ख्यालाच्या एलपीचा आरंभ मात्र तानपुऱ्याच्या संथ झंकारात आणि गायकाच्या जवळजवळ कुजबुजत्या षड्जात होतो. तेथे लपायला जागा नसते. एकाच 'व्हेरी गुड' दर्जाच्या दोन तबकड्यांपैकी चित्रपटाची आनंदाने ऐकता येते आणि आलापाची ऐकवत नाही, याचे कारण हे आहे. विलंबित लयीत ही अडचण आणखी वाढते. मात्रा चार सेकंदांची असेल तर एकेका मात्रेत १.८ सेकंदांच्या अंतराची टिकटिक दोनदा येते, आणि तबल्याच्या ठेक्याशी काहीही नाते नसलेला हा दुसरा 'ताल' श्रोत्याच्या मनात घुसतो. द्रुत लयीत तोच दोष सोसवतो.

आरंभाइतकाच शेवट महत्त्वाचा. तबकडीच्या फिरण्याचा वेग कायम असला तरी सुईखालून खाच सरकण्याचा वेग कायम नसतो. बाहेरच्या काठाजवळ तो सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर असतो आणि लेबलजवळ सुमारे २१ सेंटीमीटरवर येतो. म्हणजे तेवढाच ध्वनी आत निम्म्याहून कमी जागेत कोंबला जातो. तेथे वळणे दाट होतात, सुईला ती नीट अनुसरता येत नाहीत आणि झीजही तेथेच जास्त होते. आता ख्यालाची रचना पाहावी. संथ आलाप बाहेरच्या प्रशस्त खाचेत पडतो आणि द्रुत बंदिश, ताना, तारसप्तकातील खुला आवाज हे सारे बाजूच्या शेवटी, सर्वांत अडचणीच्या जागी येते. सतारीचा वा सरोदचा झालाही तेथेच. फाटलेला, चिरका ध्वनी प्रथम येथे ऐकू येतो. शास्त्रीय संगीताची तबकडी घेताना सुरुवातीची दोन मिनिटे शांततेसाठी आणि शेवटची दोन मिनिटे झिजेसाठी ऐकावीत. मधला भाग वेळ असेल तर.

तिसरा दोष कोणत्याही श्रेणीत नीट बसत नाही. छिद्र तबकडीच्या बरोबर मध्यावर पडलेले नसेल तर खाच सुईखाली किंचित आतबाहेर झुलते, आणि स्वर दर फेऱ्याला उंचावतो व उतरतो. समजा छिद्र अर्ध्या मिलिमीटरने चुकले आहे. लेबलजवळ, जेथे त्रिज्या सुमारे ६० मिलिमीटर असते, तेथे स्वराची सर्वोच्च व सर्वांत खालची कंप्रता यांत सुमारे १.७ टक्क्यांचा फरक पडतो. ८१:८० या गुणोत्तराची प्रमाणश्रुती १.२५ टक्क्यांची आहे. म्हणजे षड्ज धरून बसलेला तानपुरा दर १.८ सेकंदांत एका श्रुतीहून अधिक झुलू लागतो. पाश्चात्त्य पियानोच्या लांब स्वरांतही हा दोष कळतो, पण ज्या संगीताचा पायाच अखंड आधारस्वर आहे तेथे तो असह्य होतो. ही कारखान्यातील चूक असल्यामुळे तबकडी निर्विवाद 'निअर मिंट' असूनही ऐकण्यास निरुपयोगी असू शकते, आणि विक्रेत्याने दर्जा खोटा सांगितला असेही म्हणता येत नाही. फिरत्या तबकडीवर सुईची भुजा वरून पाहावी. ती प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवी डोलत असेल तर हा दोष आहे.

कारखान्यातील दोष आणि वापरातील झीज यांतला भेद येथे ध्यानात घ्यावा. श्रेणी मोजते ती झीज. १९७३ च्या तेलसंकटानंतर पीव्हीसी महागले, आणि अनेक देशांत तबकड्या पातळ झाल्या, कच्चा मालही हलका वापरला गेला. अशा तबकड्या पहिल्या दिवसापासूनच थोड्या खरखरतात. पृष्ठभाग आरशासारखा आणि तरी खरखर, असे आढळल्यास धुण्यात पैसा व वेळ घालवू नये.

जुन्या तबकड्यांच्या बाजूने सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. हिज मास्टर्स व्हॉइसच्या भारतीय एलपींपैकी ईएएलपी व ईसीएलपी या अक्षरांचे क्रमांक मोनो, म्हणजे एकमार्गी ध्वनीच्या तबकड्यांचे, तर ईएएसडी व ईसीएसडी हे स्टिरिओ तबकड्यांचे आहेत. मोनो तबकडीत ध्वनी केवळ आडव्या कंपनात असतो. उभे कंपन म्हणजे निव्वळ धूळ व ओरखड्यांचा गोंगाट. ॲम्प्लिफायरवर मोनोचे बटण दाबले की हा उभा गोंगाट बव्हंशी वजा होतो. दुकानातील स्टिरिओ यंत्रावर 'गुड' वाटलेली मोनो तबकडी घरी या एका बटणाने जवळजवळ एक पायरी वर चढते. हे ठाऊक असलेला ग्राहक स्वस्तात चांगला सौदा करतो. अभिलेखागारांत तर वेगळ्या जाडीच्या सुया वापरून खाचेच्या भिंतीवरील न झिजलेला पट्टा शोधतात, आणि मोडीत निघालेल्या तबकडीतूनही स्वच्छ ध्वनी मिळवितात.

किंमत

गोल्डमाइनच्या प्रचलित हिशेबात 'निअर मिंट'ची किंमत पूर्ण धरली तर 'व्हेरी गुड प्लस'ची ५० टक्के, 'व्हेरी गुड'ची २५ टक्के आणि 'गुड'ची १० ते १५ टक्के येते. प्रत्येक पायरीला किंमत साधारण निम्मी होते. एका पायरीची अतिशयोक्ती म्हणजे ग्राहकाने दुप्पट पैसे देणे, दोन पायऱ्यांची म्हणजे चौपट. विक्रेत्यांचा कल नेहमी एक पायरी वर का असतो, याला यापेक्षा निराळे कारण शोधण्याची गरज नाही.

तथापि भारतीय बाजारात हे गणित पूर्णपणे लागू होत नाही. येथील किंमत दर्जापेक्षा मागणीवर चालते. राहुलदेव बर्मन यांच्या संगीताच्या काही चित्रपटांच्या एलपींना परदेशी संग्राहकांची मागणी असल्याने त्यांचे भाव चढे असतात, आणि त्याच दुकानात उत्तम अवस्थेतील एखादी ध्रुपदाची वा सारंगीची एलपी धूळ खात पडलेली असते. लोकप्रिय तबकड्यांची अवस्था बहुधा वाईटच असते, कारण त्या खरोखर वाजविल्या गेल्या. 'शोले' (१९७५) या चित्रपटाच्या संवादांची तबकडी पॉलिडोरने काढली होती. ती घरांबरोबरच ध्वनिवर्धकांवरही गाजली. तिची निर्दोष प्रत मिळणे अवघड आहे. अध्यापकांच्या दृष्टीने ही उफराटी स्थिती सोयीचीच म्हणावी लागेल, कारण त्यांना जे हवे ते तुलनेने कमी वाजलेले आणि कमी भावाचे असते. मात्र 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) सारख्या पुनःपुन्हा छापल्या गेलेल्या तबकडीच्या बाबतीत 'पहिल्या आवृत्ती'साठी जादा रक्कम मागितली गेल्यास लेबलची घडण, पत्ता आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यावर कोरलेला साचा क्रमांक पडताळल्याशिवाय ती देऊ नये. 'सीलबंद' या शब्दावरही विसंबू नये. प्लॅस्टिक तापवून बसविण्याचे यंत्र कोणत्याही दुकानदाराला मिळते.

वेष्टन : संग्राहकाचे आणि अभ्यासकाचे

वेष्टनाचा दर्जा ठरविताना बाजार फाटलेली शिवण, गोल ठसा, पाण्याचे डाग, शाईने लिहिलेले नाव आणि ग्रंथालयाचा शिक्का हे सारे दोष मानतो. गोल ठसा म्हणजे आतील तबकडीच्या कडेने पुठ्ठ्यावर उमटलेले वर्तुळ. अभ्यासकाची दृष्टी निराळी असावी. एलपीच्या वेष्टनाच्या पाठीवर राग, ताल, साथीदारांची नावे आणि पुष्कळदा जाणकाराने लिहिलेले टिपण असते. तबला कोणी वाजविला, हार्मोनियम की सारंगी, ही माहिती पुढील सीडी व डिजिटल आवृत्त्यांत अनेकदा गळाली आहे. म्हणून फाटके पण वाचता येणारे वेष्टन नवीकोऱ्या पण कोऱ्या पाकिटापेक्षा मोलाचे. शिक्क्याचेही तसेच. संग्राहक ज्याला डाग म्हणतो तो इतिहासकाराला ही तबकडी कोणत्या संस्थेत, कोणत्या गावी ऐकली गेली याचा पुरावा वाटतो. अर्थात शिक्क्यामुळे भाव उतरत असेल तर खरेदी करताना तो उतरवून घेण्यास हरकत नाही.

आत वेगळीच तबकडी निघणे हा प्रकार मात्र दोन्ही दृष्टींनी अक्षम्य आहे, आणि तो फार आढळतो. वेष्टनावरील क्रमांक व लेबलवरील क्रमांक जुळतात की नाही हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. अनेक तबकड्यांच्या संचात प्रत्येक तबकडी बाहेर काढून पाहावी.

ग्रंथालयापुढील प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन खरेदीदाराच्या हिताचे होते. ग्रंथालयाची चूक बहुधा उलट दिशेने होते. ते महाग घेत नाही, फुकट आलेले फेकून देते. देणगीतील तबकड्यांवर 'खराब' असा एकच शेरा मारून गठ्ठा रद्दीत जातो. बाजाराची श्रेणी 'ही वस्तू नवेपणापासून किती दूर गेली' एवढेच मोजते; 'हीत जे आहे ते इतरत्र मिळेल काय' हा प्रश्न तिच्या कक्षेतच येत नाही. प्रसिद्ध एलपीची 'पुअर' प्रत खुशाल काढून टाकावी, तिच्या शेकडो प्रती अन्यत्र आहेत. परंतु प्रादेशिक कंपनीने काढलेली एखाद्या कीर्तनकाराची वा शाहिराची, पुन्हा कधीही न छापलेली तबकडी 'पुअर' असली तरी ती ठेवावी लागते. या दोहोंतील फरक ठरविण्यासाठी सूची पाहावी लागते. मायकेल किनियर यांनी भारतातील ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या मुद्रणांची केलेली सूची आणि मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे 'द रेकॉर्ड न्यूज' हे प्रकाशन या कामी उपयोगी आहेत. त्यांचा भर मुख्यतः ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आहे. एलपींच्या, विशेषतः मराठी एलपी व ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्यांच्या बाबतीत स्थानिक संग्राहकाला विचारणे हा मार्ग अधिक उपयोगी पडतो.

दाखलनोंदवहीत दर्जाचा एकच रकाना पुरत नाही. पाहून ठरविलेला दर्जा आणि ऐकून ठरविलेला दर्जा वेगळे लिहावेत, आणि ऐकताना आढळलेला दोष कोणत्या बाजूवर, कितव्या मिनिटाला आहे तेही लिहावे. 'दुसरी बाजू, तेराव्या मिनिटापासून टिकटिक. शेवटी तारसप्तकात आवाज फाटतो. स्वर झुलत नाही' एवढी ओळ पुढील वाचकाला 'व्हेरी गुड' या दोन शब्दांपेक्षा कितीतरी अधिक सांगते. दोन प्रती असतील तर एकीची पहिली व दुसरीची दुसरी बाजू चांगली असू शकते. तेव्हा 'दुबार' म्हणून एक काढून टाकण्याची घाई करू नये.

नकलेचा प्रश्न याला लागूनच येतो. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. हक्क कायम असलेल्या साहित्याचीही, मूळ प्रत संग्रहात असल्यास, जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची मुभा अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना २०१२ च्या दुरुस्तीने मिळाली आहे. महाविद्यालयाचे ग्रंथालय या व्याख्येत बसते की नाही हे विधिज्ञाला विचारून ठरवावे. नक्कल करावयाची झाल्यास ती तबकडी धुतल्यानंतर, सुई नवी असताना आणि पहिल्याच वादनात करावी. नादुरुस्त यंत्रावर 'सहज ऐकून पाहू' म्हणून केलेले प्रत्येक वादन खाचेतून काहीतरी कायमचे खरवडून नेते, आणि संग्रहात एकच प्रत असेल तर ते पुन्हा मिळत नाही.